खरे छापले म्हणून हद्दपार झालेला इंग्रज : बी. जी. हॉर्निमन

आपल्या खानदेशातून हज हाऊसच्या कामासाठी कितीतरी कुटुंबे मुंबईला जातात. जळगाव-भुसावळहून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचे, हज हाऊसमध्ये कागदपत्रे द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मधल्या वेळात मुले हट्ट धरतात, म्हणून फोर्टात एक चक्कर होते. तिथे टाऊन हॉलच्या उंच पायऱ्यांसमोर एक गोल बाग आहे. तिचे नाव हॉर्निमन सर्कल. मुले पायऱ्यांवर बसून फोटो काढतात आणि आपण घड्याळ बघत पुढे निघतो.

खरं सांगायचं तर हा हॉर्निमन कोण, हे आम्हालाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. इंग्रजी नाव दिसले की असेल कोणी गव्हर्नर किंवा लष्करी साहेब, असे आम्ही धरून चाललो होतो. पण हा माणूस गव्हर्नर नव्हता. उलट गव्हर्नरने त्याला पोलीस पाठवून जहाजात बसवले आणि देशाबाहेर काढले. तो इंग्रज होता, पत्रकार होता, आणि इंग्रज सरकारचा जुल्म त्याने इंग्रजी भाषेतच जगासमोर मांडला. त्याच्या गोष्टीत आपल्या समाजातली काही नावेही येतात, जी आज आपल्या घरांत फारशी घेतली जात नाहीत. म्हणून ही आठवण.

नौदलातल्या घरचा मुलगा

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १७ जुलै १८७३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील ब्रिटिश नौदलात हिशेब खात्याचे मोठे अधिकारी होते. पोर्ट्समथच्या शाळेत शिक्षण झाले. घरचे वळण पाहता मुलाने सैन्यात जावे, हेच स्वाभाविक होते. पण हॉर्निमन वळले बातमीदारीकडे. १८९४ मध्ये पोर्ट्समथच्याच एका सायंदैनिकात त्यांनी कामाला सुरुवात केली. पुढे लंडनची दैनिके आणि मँचेस्टर गार्डियन अशा ठिकाणी काम करत ते तयार झाले.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले आणि स्टेट्समन या इंग्रजी दैनिकात वृत्तसंपादक झाले. तेव्हा बंगालच्या फाळणीवरून सगळा प्रांत पेटलेला होता. परदेशातून आलेल्या पत्रकारापुढे अशा वेळी दोन वाटा असतात. एक, साहेबांच्या क्लबात बसायचे आणि तिथे ऐकलेले लिहायचे. दुसरी, रस्त्यावर जायचे आणि पाहिलेले लिहायचे. हॉर्निमन यांनी दुसरी वाट धरली, आणि ती पुढे चाळीस वर्षे सोडली नाही.

बॉम्बे क्रॉनिकल आणि प्रेस अ‍ॅक्ट

१९१३ मध्ये सर फिरोजशहा मेहता यांनी मुंबईत बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू केले. मुंबईतली मोठी इंग्रजी दैनिके सरकारच्या बाजूने बोलत. हिंदी माणसाची बाजू इंग्रजीत मांडणारे एक दमदार पत्र हवे, हा मेहतांचा विचार होता. संपादक म्हणून त्यांनी हॉर्निमन यांना आणले.

तो काळ कसा होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट लागू होता. छापखाना चालवायचा तर सरकारकडे जामीन रक्कम ठेवावी लागे. सरकारला एखादा मजकूर खटकला की ती रक्कम जप्त. पुन्हा सुरू करायचे तर आणखी मोठी रक्कम, दहा हजारांपर्यंत. तीही गेली की छापखान्यावरच टाच. आधी खटला, मग शिक्षा, असा प्रकारच नव्हता. सरकारने ठरवले की संपले.

या कायद्याचा मार उर्दू आणि मुस्लिम पत्रांना किती बसला, ते आपल्याला माहीत असायला हवे. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे अल-हिलाल १९१२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि जामीन जप्त होऊन १९१४ मध्ये बंद पडले. मौलाना मोहम्मद अली यांच्या कॉम्रेडचीही त्याच वर्षी तीच गत झाली. १९१५ मध्ये मोहम्मद अली आणि शौकत अली या दोघा भावांना नजरकैदेत टाकले, ते थेट १९१९ च्या अखेरीस सुटले. या सगळ्यात वृत्तपत्राचा मालक, संपादक, अगदी खिळे जुळवणारा कामगारसुद्धा भीतीखाली जगत असे.

हॉर्निमन यांनी ठरवले असते तर ते यातून सहज अलिप्त राहिले असते. ते इंग्रज होते, त्यांना कोण हात लावणार? पण त्यांनी १९१५ मध्ये प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया ही पत्रकारांची संघटना उभी केली आणि तिचे अध्यक्षपद घेतले. प्रेस अ‍ॅक्ट आणि युद्धकाळातला डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट यांचा मनमानी वापर थांबवा, अशी मागणी या संघटनेने सरकारदरबारी केली. ही मागणी क्रॉनिकलपुरती नव्हती. प्रत्येक भाषेतल्या, प्रत्येक विचाराच्या पत्राला बोलता आले पाहिजे, अशी ती मागणी होती. आज मानवाधिकार हा शब्द आपण रोज ऐकतो. तेव्हा तो शब्द प्रचारात नव्हता, पण काम तेच होते.

पुढे डॉ. अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल लीगमध्येही हॉर्निमन यांनी उपाध्यक्ष म्हणून काम केले. १९१८ च्या डिसेंबरात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या निरोपासाठी टाऊन हॉलमध्ये सभा ठेवली होती. मुंबईकरांच्या नावाने या गव्हर्नरचे कौतुक नको, म्हणून बॅ. जिना आणि हॉर्निमन यांनी लोकांना घेऊन विरोध केला आणि ती सभा उधळली गेली. आपली मुले ज्या पायऱ्यांवर फोटो काढतात, तोच हा टाऊन हॉल.

१९१९ चा एप्रिल

मग आला रौलट कायदा. वकील नाही, दलील नाही, अपील नाही, अशा पद्धतीने माणसाला आत टाकण्याची सोय या कायद्याने झाली. फेब्रुवारी १९१९ मध्ये साबरमती आश्रमात गांधीजींनी काही निवडक लोकांना बोलावून सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार केली. त्यावर सही करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत वल्लभभाई पटेल, सरोजिनी नायडू, शंकरलाल बँकर, अनसूयाबेन होत्या. त्यातच मुंबईचे कापड व्यापारातले मोठे नाव असलेले उमर सोबानी होते, आणि बी. जी. हॉर्निमन होते.

उमर सोबानी हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

६ एप्रिलला देशभर हरताळ झाला. मुंबईत सकाळी लोक चौपाटीवर समुद्रस्नान करून मिरवणुकीने निघाले. त्यात मुसलमानही होते. जवळच्या मशिदीत मुस्लिम बांधवांनी गांधीजींना आणि सरोजिनी नायडूंना बोलावले आणि दोघांनी तिथे भाषणे केली. दिल्लीत त्याच आठवड्यात स्वामी श्रद्धानंदांनी जामा मशिदीत भाषण केले होते. अमृतसरला ९ एप्रिलच्या रामनवमीच्या मिरवणुकीत हिंदू-मुसलमान एकाच भांड्यातून पाणी प्याले. सरकारला याच एकीची धास्ती वाटली. दुसऱ्याच दिवशी अमृतसरचे डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना पकडून शहराबाहेर नेले.

१३ एप्रिलला जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार केला. सूचना न देता, बाहेर पडायला वाट न ठेवता, १६५० फैरी. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. लोकांचा अंदाज याहून कितीतरी मोठा होता. मेलेल्यांत शीख होते, हिंदू होते, मुसलमान होते.

आणि बातमी? बातमी बाहेर येऊच दिली नाही. पंजाबात लष्करी कायदा लागला, वृत्तपत्रांवर बंदी आली, तारा अडवल्या गेल्या, बाहेरच्या माणसाला आत जाता येईना. मुंबईत, कलकत्त्यात लोकांना इतकेच कळत होते की तिकडे काहीतरी भयंकर घडले आहे. क्रॉनिकलने मात्र पंजाबाकडे पाठ फिरवली नाही. त्यांचे बातमीदार गोवर्धन दास यांनी तिथली माहिती पुरवली आणि त्याबद्दल त्यांना तीन वर्षांची कैद झाली. हॉर्निमन यांचे नाव आज एका चौकाला आहे. गोवर्धन दास यांचे नाव कुठल्या चौकाला दिलेले आमच्या पाहण्यात नाही. बातमी आणणारा माणूस नेहमीच असा मागे राहतो.

२६ एप्रिल १९१९ रोजी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने हॉर्निमन यांना ताब्यात घेतले आणि इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढवले. कोर्ट नाही, आरोपपत्र नाही. क्रॉनिकलचा जामीन जप्त झाला आणि दैनिक काही काळ बंद पडले. पुढे लंडनच्या पार्लमेंटमध्ये भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी सरकारची बाजू सांगितली. दिल्लीतल्या गोळीबारात शरीरात फुटणाऱ्या गोळ्या वापरल्या, असा आरोप क्रॉनिकलने छापला आणि हे पत्र गोऱ्या सैनिकांत फुकट वाटले जात होते, असे त्यांचे म्हणणे. हे खरे की खोटे, याचा निवाडा न्यायाधीशाने करायला हवा होता. पण निवाड्यापर्यंत गोष्ट जाऊच नये, यासाठीच तर हद्दपारीचा हुकूम होता.

मुंबईत संताप उसळला. गांधीजींनी लोकांना शांत राहायला सांगितले आणि मे महिन्यात हॉर्निमन यांच्यासाठी हरताळ ठेवला. एका इंग्रजासाठी हिंदी लोकांनी दुकाने बंद ठेवली, हे त्या काळात साधे नव्हते.

पत्र कोणी सांभाळले?

संपादक गेला, आता पत्राचे काय? इथे आपल्या समाजाची माणसे पुढे दिसतात. क्रॉनिकलची व्यवस्था तेव्हा उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर पाहत होते. संचालकांनी गांधीजींना संपादनाची जबाबदारी घ्यायला सांगितले. क्रॉनिकलमध्ये आधीपासून सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी हे तरुण सहकारी होते आणि ते काम पेलू शकतील, याचा गांधीजींना भरवसा होता. पण तेवढ्यात सरकारनेच पत्र बंद पाडले. तेव्हा सोबानी आणि बँकर यांनी त्यांच्या हातात असलेले यंग इंडिया हे दुसरे पत्र गांधीजींच्या स्वाधीन केले. गांधीजींचे यंग इंडिया म्हणून जे जगभर गाजले, त्याची सुरुवात हॉर्निमन यांच्या हद्दपारीतून अशी झाली.

क्रॉनिकल पुन्हा निघू लागल्यावर १९२० मध्ये संपादक म्हणून आले मार्माड्यूक पिक्थॉल. हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या घरात कपाटात आहे. इंग्रजी कुरआनच्या तर्जुम्यावर ते छापलेले असते. पाद्र्याच्या घरात जन्मलेल्या पिक्थॉल यांनी १९१७ मध्ये इस्लाम स्वीकारला. खिलाफत चळवळीच्या दिवसांत ते मुंबईत क्रॉनिकल चालवत होते. १९२४ नंतर ते हैदराबादला गेले आणि १९३० मध्ये त्यांचा कुरआनचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. हॉर्निमन यांच्या खुर्चीवर काही वर्षे ते बसले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९२४ पासून ब्रेल्वीसाहेब संपादक झाले आणि १९४९ मध्ये इंतकाल होईपर्यंत क्रॉनिकलशी त्यांचे नाव जोडलेले राहिले. सविनय कायदेभंगात ते तुरुंगात गेले. देशाच्या फाळणीच्या वातावरणातही त्यांनी एकीची बाजू सोडली नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांचा प्रसिद्ध शेवटच्या पानावरचा स्तंभ सुरू झाला तोही याच क्रॉनिकलमध्ये.

लंडनहून लढाई

इकडे हॉर्निमन लंडनला पोचले. सरकारला वाटले असेल, कटकट गेली. पण झाले उलटेच. मुंबईत असताना ते इंग्रज पत्रकार म्हणून हिंदुस्थानची बातमी देत होते. आता ते हिंदुस्थानची बातमी थेट इंग्रजांच्या दारात घेऊन गेले. जालियनवाला बागेचे फोटो त्यांनी गुपचूप बाहेर काढले होते. मजूर पक्षाच्या विचाराच्या डेली हेरॉल्डमधून त्यांनी अमृतसरची हकीकत छापून आणली. आपल्या नावाने आपल्या सैन्याने काय केले, हे सामान्य इंग्रज वाचकाला कळले आणि तो हादरला.

१९२० मध्ये त्यांनी अमृतसरवर आणि हिंदुस्थानबद्दल ब्रिटनच्या कर्तव्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी जुलैत डायरवरून पार्लमेंटमध्ये वाद झाला. कॉमन्सने डायरविरुद्ध कौल दिला, तर लॉर्ड्सच्या सभागृहाने त्याची पाठराखण केली. एका लंडनच्या दैनिकाने डायरसाठी २६ हजार पौंडांवर निधी जमवला. म्हणजे हॉर्निमन काय प्रवाहाविरुद्ध पोहत होते, ते पाहा. मायदेशातले कितीतरी लोक डायरला वीर मानत होते, आणि हा माणूस त्यांच्यातच राहून त्याला अपराधी म्हणत होता. अशा माणसाला घरचेच लोक परका समजतात.

मुंबईला परत येण्याची परवानगी मात्र सरकार देईना. जवळपास सात वर्षे अशीच गेली. अखेर जानेवारी १९२६ मध्ये ते हिंदुस्थानात परतले आणि पुन्हा क्रॉनिकलच्या संपादनात शिरले.

शेवटपर्यंत छापखान्यात

इतके सोसल्यावर माणूस थोडा निवांत होतो. हॉर्निमन झाले नाहीत. त्यांनी इंडियन नॅशनल हेरॉल्ड हे स्वतःचे पत्र काढले. १९३३ पासून बारा वर्षे बॉम्बे सेंटिनल हे सायंदैनिक चालवले. १९४१ मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी या तरुण पत्रकारांबरोबर त्यांनी ब्लिट्झ सुरू करण्यात हात दिला. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. आपल्या वडीलधाऱ्यांना उर्दू ब्लिट्झ नक्की आठवत असेल. चहाच्या हॉटेलात एकाने मोठ्याने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, असे ते दिवस होते. त्या ब्लिट्झच्या मुळाशीही हाच माणूस होता.

देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. १६ ऑक्टोबर १९४८ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, मुंबईतच त्यांचे निधन झाले. ज्या शहरातून त्यांना हाकलले होते, त्याच शहराच्या मातीत ते राहिले. एका इंग्रज गव्हर्नरच्या नावाच्या एल्फिन्स्टन सर्कलला हॉर्निमन यांचे नाव मिळाले.

आपण काय घ्यायचे?

आपल्या समाजात एक तक्रार नेहमी ऐकू येते : आमची बाजू कोणी मांडत नाही, वृत्तपत्रे एकतर्फी लिहितात. तक्रार खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. बातमीत आपले नाव कसे आणि कधी येते, ते आपण रोज पाहतो. पण हॉर्निमन यांची गोष्ट वाचताना आम्हाला एक प्रश्न स्वतःलाच विचारावासा वाटला. अमृतसरमध्ये मेलेली माणसे हॉर्निमन यांच्या धर्माची नव्हती, भाषेची नव्हती, वंशाची नव्हती. मारणारे मात्र त्यांचे होते. तरीही त्यांनी मेलेल्यांची साक्ष दिली. आपल्यातल्या कोणी दुसऱ्यावर जुल्म केला, तेव्हा आपण अशी साक्ष देतो का? साक्ष लपवू नका, इन्साफाची गोष्ट स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी बोला, ही तर आपल्या दीनची शिकवण आहे. ती एका इंग्रज पत्रकाराने पाळून दाखवली, याची थोडी शरम आपल्याला वाटायला हवी.

दुसरी गोष्ट पैशाची आणि माणसांची. खरे लिहिणारा एकटा टिकत नाही. हॉर्निमन यांच्या मागे उमर सोबानींसारखा व्यापारी उभा होता आणि ब्रेल्वींसारखा सहकारी रात्री जागत होता. जळगाव-धुळ्यात आज आपल्या समाजात शिकलेली, चांगले लिहिणारी मुले-मुली आहेत. काही जण विद्यापीठात पत्रकारिता शिकतात. घरी मात्र त्यांना विचारले जाते, यात कमाई काय? आपण लग्नाच्या मांडवावर खर्च करतो, एखाद्या प्रामाणिक स्थानिक पत्राची वर्षाची वर्गणी भरताना मात्र दहा वेळा विचार करतो. आणि खरी-खोटी न पाहता आलेला मजकूर मोबाईलवर पुढे ढकलायला आपल्याला एक क्षणही लागत नाही. बातमी खरी आहे, हे तपासायला गोवर्धन दास तीन वर्षे कैदेत गेले होते, हे तेव्हा आठवावे.

पुढच्या वेळी हज हाऊसचे काम लवकर आटोपले तर मुलांना घेऊन वीस-पंचवीस मिनिटे चालत जा. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता रोड आहे, हॉर्निमन सर्कल आहे आणि सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी रोडही आहे. एक पारशी, एक इंग्रज, एक मुसलमान, आणि तिघांचे एकच वृत्तपत्र. फोटो काढण्याआधी ही तीन नावे मुलांना वाचून दाखवा आणि ती माणसे कोण होती, ते सांगा.